हिराकसात हिरा नसतो

आमच्या लातूरच्या घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर चार पांढुरके डाग आहेत, प्रत्येक अर्ध्या लिंबाच्या मापाचा. लोणच्यासाठी चिरलेली लिंबं रात्री ओट्यावर पालथी राहिली आणि सकाळी काळ्या चकचकीत दगडाची झिलई तेवढ्या जागी उडालेली. बायको म्हणाली, पुसलं की निघेल. निघालं नाही. दगड 'काळा ग्रॅनाइट' म्हणून घेतला होता, भावही ग्रॅनाइटचाच मोजला होता. लातूर-नांदेड पट्ट्यात बांधकामांवर उभं राहण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तरी स्वतःच्या घरचा दगड घेताना नावावर विसंबलो आणि खिशात एक लिंबू टाकून न्यायचं विसरलो.

तो कडप्पा होता. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावाने विकला जाणारा काळसर चुनखडक. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची शहाबादी, तेलंगणातलं तांदूर, राजस्थानातला कोटा ही सगळी याच कुळातली भावंडं. नावं गावांची, दगड चुन्याचा. आणि चुनखडकाचं आम्लाशी जमत नाही. लिंबू, चिंचेचा कोळ, व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड यांतलं काहीही सांडून राहिलं की दगड खाल्ला जातो. तो डाग नसतो, ती झीज असते, म्हणून पुसून जात नाही. दगड वाईट आहे असं नाही. आमच्या अंगणात शहाबादी तीस वर्षं टिकली आहे आणि भांड्यांच्या मांडणीला कडप्प्याइतकी सोयीची फळी नाही. पण ओटा घ्यायचा असेल तर दुकानात नाव विचारू नका, तुकडा मागा. तुकड्याच्या बिनझिलईच्या कडेला चाकूने खरवडा, पडलेल्या भुकटीवर लिंबू पिळा आणि थोडं थांबा. बारीक बुडबुडे आले तर चुनखडक. शिवाय चाकूचं टोक जोर लावून ओढा. चुनखडकावर चरा पडतो; खऱ्या ग्रॅनाइटवर चाकूच झिजतो आणि करडी रेघ राहते, ती बोटाने पुसली जाते.

गंमत अशी की दुकानातला 'काळा ग्रॅनाइट' अस्सल असला तरी भूशास्त्राच्या हिशेबाने बहुधा ग्रॅनाइट नसतोच. ग्रॅनाइट म्हणजे गार, फेल्डस्पार आणि थोडं अभ्रक यांच्या दाण्यांचा फिकट, ठिपकेदार खडक. काळ्या रंगाचे जे विकले जातात ते डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे भाऊबंद. व्यापारात जो कठीण दगड आरशासारखी झिलई घेतो तो ग्रॅनाइट. याबद्दल दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही, कारण डोलेराइटवर लिंबू रात्रभर राहिलं तरी ओटा शाबूत राहतो. खोट्या नावांचे मी तेव्हापासून दोन ढीग करतो. एका ढिगात नाव खोटं पण वस्तू कामाची. दुसऱ्यात नाव खोटं आणि पैसा, पीक किंवा घर बुडवणारं. सगळी खबरदारी दुसऱ्या ढिगासाठी राखून ठेवावी.

खरा ग्रॅनाइट पाहायचा असेल तर नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे जा. आपल्याकडचा काळा पाषाण तिकडे संपत जातो आणि गोलसर, फिकट, खरखरीत धोंड्यांचा मुलूख लागतो. हवामानाने त्या धोंड्यांचा चुरा होतो आणि त्यातून गारेचे दाणे असलेली वाळू निघते. आपल्या पाषाणात गारेचे तसे दाणे नाहीत, त्याचा चुरा होऊन मुरूम आणि शेवटी काळी माती होते. बिलोलीकडच्या मांजरेच्या वाळूला एवढा भाव का, याचं उत्तर नदीत शोधण्याआधी नदीच्या काठचा खडक बघावा.

पहिल्या ढिगातली नावं तर घराघरांत आहेत. आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला 'जर्मनचं' म्हणतात. जर्मनीशी त्याचा काय संबंध हे कुणी विचारत नाही. 'जर्मन सिल्व्हर' ही आणखी वेगळी चीज. त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदी औषधालाही नसते. किल्लारीच्या भूकंपानंतर माणसं ज्या टीनच्या शेडमध्ये राहिली त्या टीनपत्र्यात टीन, म्हणजे कथील, नसतं; लोखंडावर जस्ताचा मुलामा असतो. शिसपेन्सिलीत शिसं नाही, ग्रॅफाइट आहे, आणि तिचं टोक चोखणाऱ्या लेकराला शिशाची बाधा होत नाही. फळ्यावरचा खडू आता बहुतेक जिप्समचा असतो. गोपीचंदन ही माती आहे, चंदन नव्हे. संगजिऱ्यात जिरं नाही. संगजराहत, म्हणजे जखमेवरचा दगड, हे फारसी नाव आपल्या तोंडी बसता बसता जिऱ्यापर्यंत आलं. अमेरिकन डायमंड अमेरिकन नाही आणि डायमंडही नाही.

हिराकस मात्र मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण त्याची चूक शेतात महाग पडते.

लातूर जिल्ह्यात सोयाबीनची शेंड्याकडची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बऱ्याचदा कारण जमिनीतली चुनखडी असतं. इथेही शब्दाचा घोळ आहे. शेतकरी 'चुनखडी' म्हणतो ते काळ्या मातीत सापडणारे पांढरे खडे आणि गाठी. पुस्तकात 'चुनखडक' म्हणतात तो सलग खडक, ज्याची शहाबादी होते. पांढऱ्या गाठी दिसल्या म्हणून "आपल्या रानात सिमेंटचा दगड आहे" अशा समजुतीने लीजच्या गोष्टी करणारे लोक मी पाहिले आहेत. त्या गाठींनी होतं एवढंच की जमिनीतलं लोह पिकाला मिळेनासं होतं. त्यावर फवारतात तो हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. फिकट हिरवे खडे, लोहाचं मीठ. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचं मीठ, गडद निळं. दोन्ही खडेच, दोन्ही प्लॅस्टिकच्या पुडीत आणि दोन्ही एकाच दुकानात. ०.५ टक्क्याचं द्रावण म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम. या मापाने हिराकसाऐवजी नुसतं मोरचूद पडलं तर पानं करपतात. दुकानात "पिवळं पडल्यावर मारायचं द्या" असं सांगू नका. पुडीवर 'फेरस सल्फेट' वाचा, खडा उन्हात धरून रंग बघा. निळा असेल तर परत करा, गंजल्यासारखा तांबूस-तपकिरी असेल तर जुना झालाय, तोही नको. मात्रा आणि वेळ परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच ठेवा. आणि चोपण जमिनीला दिलं जाणारं जिप्सम चुनखडीच्या पिवळेपणावर चालत नाही. दोन्ही पांढरं दिसतं म्हणून आजार एक होत नाही.

आता बांधकामाकडे. इथे सगळ्यात जास्त पैसा ज्या शब्दावर फिरतो तो म्हणजे ब्रास. पितळेशी त्याचं काही नातं नाही. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, मीटरच्या हिशेबात २.८३ घनमीटर. इथवर सोपं आहे. पण गिलावा, फरशी, रंगकाम, स्लॅब यांच्या हिशेबात मिस्त्री ब्रास म्हणतो तेव्हा त्याला १०० चौरस फूट म्हणायचे असतात. एकाच साइटवर, एकाच माणसाच्या तोंडून, एका वाक्यात मुरमाचा ब्रास आणि गिलाव्याचा ब्रास येतो. लिहून घेताना 'घन' की 'चौरस' एवढा एक शब्द जास्त लिहायला काही लागत नाही.

ट्रॅक्टर दारात आला की ड्रायव्हर सांगतो, "मालक, ब्रास भरून हाय." त्याचा शब्द ऐकून घ्या आणि टेप काढा. ट्रॉलीच्या आतली लांबी, रुंदी, मालाची उंची फुटांत मोजा, गुणा, शंभराने भागा. मागे एकदा मोजली तेव्हा ट्रॉली आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल दीड फूट होता. ९० घनफूट झाले, म्हणजे ०.९ ब्रास. दहा खेपांमागे एक खेप कमी. उंची मधल्या शिगेची धरू नका, चार कोपरे आणि मध्य अशी पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढा. फळी कुठे पिचली असेल, तळाला माती चिकटून दगडासारखी झाली असेल, तेही बघा. मोजताना ड्रायव्हर कंटाळतो, मोबाइल काढून बसतो. बसू द्या.

वाळूचा आणखी एक घोळ. ओलसर वाळू फुगते. बारीक वाळूत थोडा ओलावा असेल तर तिचा आकार २० ते ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. पूर्ण भिजली की पुन्हा बसते. म्हणजे पहाटे नदीतून काढून आणलेला 'भरून ब्रास' दुपारी ढीग भिजवल्यावर पाऊण होतो. यात दर वेळी चोरी असतेच असं नाही, पण भाव ठरवताना वाळू कोरडी की ओली हे बोलून ठेवावं.

नदीची वाळू मिळत नाही म्हणून आता खडी केंद्रावरचा माल सगळीकडे चालतो, आणि तिथे 'डस्ट', 'कच', 'क्रश सँड', 'एम-सँड' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. डस्ट म्हणजे खडी फोडताना खाली पडणारी बारीक चुरी, पिठासकट. एम-सँड म्हणजे वाळू म्हणूनच तयार केलेली, दाण्याला आकार दिलेली, धुऊन किंवा हवेने पीठ काढलेली. लातुरात खडी म्हणतात, नांदेडला गिट्टी, माल एकच. पण डस्ट आणि एम-सँड हे एक नव्हेत. स्लॅबच्या काँक्रीटला डस्ट घालणाऱ्या ठेकेदाराला मी थांबवतो. ओळखायचं कसं? पारदर्शक बाटली त्या मालाने अर्धी भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घाला, हलवून तीन तास ठेवा. दाणे खाली, पीठ वर बसतं. वरचा थर खालच्या वाळूच्या दहाव्या हिश्श्याहून जाड असेल तर तो माल गिलाव्याला आणि काँक्रीटला घेऊ नका. नदीच्या वाळूलाही हीच परीक्षा लावा.

मुरमाचंही तसंच. मुरूम म्हणजे कुजलेला पाषाण, हातात घेतला तर खडबडीत आणि दाबला तर भुगा न होणारा. उदगीर-औसा-निलंग्याकडे लाल जांभा आहे. औसा तालुक्यातली खरोसा लेणी अशाच खडकात कोरलेली. जांभा ओला असताना कापला जातो आणि हवेवर घट्ट होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने केरळात पाहिलेल्या या खडकाला १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटेराइट' म्हटलं, त्याचं कारण हेच. त्याच्या आसपासची लाल माती 'लाल मुरूम' म्हणून पायाभरणीला विकली जाते. पसाभर घेऊन रात्रभर बादलीत भिजवा. सकाळी खडे खडेच राहिले तर मुरूम, रबडी झाली तर माती. तुमच्या घराच्या जोत्याखाली रबडी नको.

आता तहसीलचे शब्द, कारण शेवटी सगळ्या मालाची वाट तिथून जाते. 'गौण खनिज' या शब्दाने लोक हमखास फसतात. गौण म्हणजे किरकोळ, म्हणून परवानगीही किरकोळ, असा समज होतो. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यात इमारतीचा दगड, खडी, साधी चिकणमाती, साधी वाळू ही गौण खनिजं आहेत. गौणपणा मालाच्या किमतीचा नव्हे, नियम कुणी करायचे याचा. गौण खनिजांचे नियम राज्य करतं, आपल्याकडे ते २०१३ चे आहेत. यादीही हलत असते. केंद्राने फेब्रुवारी २०१५ मध्ये जांभा, गेरू, गार, अभ्रक, जिप्सम अशी ३१ खनिजं गौण केली आणि त्यांतली गार, फेल्डस्पार, अभ्रक, बराइट ही चार फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा प्रमुख केली. गार दोन्ही दिवशी तीच गार होती. (प्रयोगशाळेत 'गौण खनिज' म्हणजे खडकात अगदी थोडं असणारं खनिज. भूशास्त्र शिकणारा भाचा आणि तहसीलमध्ये काम करणारा मामा एकाच शब्दावरून तासभर वेगळं बोलू शकतात.)

मातीची तऱ्हा तर आणखी न्यारी. केंद्राच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने साधी माती गौण खनिज ठरली ती 'भरावासाठी, सपाटीकरणासाठी वापरलेली' माती. म्हणून वापर बदलला की तीच माती कायद्याच्या नजरेत बदलते. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये हेच धरलं: पाया खोदताना निघालेली माती केवळ निघाली म्हणून दंडाला पात्र होत नाही, तिचं पुढे काय केलं ते पाहावं लागतं. तुमच्या प्लॉटची माती तुमच्याच प्लॉटमध्ये परत पसरलीत तर एक गोष्ट. ती ट्रॅक्टरने दुसऱ्याच्या भरावाला विकलीत तर दुसरी. विकण्याआधी तहसीलमध्ये लेखी विचारा.

'गाळ' हाही असाच शब्द. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, तलावातला गाळ शेतात टाकायला स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, लागत नाही. पण सवलत गाळाला आहे. त्याच तलावातून वाळू किंवा मुरूम भरून नेला तर योजनेचं नाव सांगून सुटका होत नाही. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडी जप्त होते ती वेगळीच. घर बांधणाऱ्याने एवढं करावं: प्रत्येक खेपेला वाहतूक परवान्यावरचा गाडी क्रमांक, वेळ आणि परिमाण गाडीशी ताडून बघावं आणि परवान्याचा फोटो जपून ठेवावा. परवान्यात ३ ब्रास आणि गाडीत ५ असतील तर वरचे २ चोरीचे आहेत, आणि ते तुमच्या दारात उतरले आहेत.

राहिली विहीर आणि बोअर. इथले शब्द मला सगळ्यात आवडतात, कारण ते कुणा कचेरीने दिलेले नाहीत. वरून माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्ये एखादा गेरूचा पट्टा, पुन्हा मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला पाषाण. त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजं भरलेली असतात, कधी सुंदर स्फटिक सापडतात आणि गावात हिरे निघाल्याची बातमी फिरते. ती झिओलाइट, कॅल्साइट नाही तर गार असते. गारेने काच कापते, त्यामुळे 'काच कापली' हा हिऱ्याचा पुरावा नाही. झिओलाइटने तर काचही नीट कापत नाही.

खोदणारे ज्याला गेरू म्हणतात तो दोन लाव्हांच्या मधला लाल, चिकट थर. नावाने रंगाच्या गेरूसारखा, स्वभावाने चिकणमाती. "गेरू लागला की पाणी" असं सांगतात ते अर्धंच खरं. गेरू स्वतः पाणी देत नाही, अडवतो. असलं तर पाणी त्याच्या वर असतं. आणि भिजला की फुगून बोअरमध्ये ढासळतो, म्हणून तिथे केसिंग लागतं. उलट "काळा पाषाण लागला, आता बंद करा" हेही डोळे झाकून मानू नये, पाषाणाला भेगा असतात.

आणि "हजार फुटांखाली गंगा आहे" हे तर मुळीच मानू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. पाषाणाचे थर ३३८ मीटरवर, म्हणजे सुमारे अकराशे फुटांवर संपले, खाली ८ मीटर गाळाचा जुना थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या कुळातला अतिप्राचीन खडक. नदी नव्हती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या या थरांना 'दख्खन ट्रॅप' म्हणतात, तो ट्रॅप सापळ्याचा नव्हे. स्वीडिश भाषेत पायऱ्यांना म्हणतात त्या शब्दावरून आलेला. कर्ज काढून खोल जाणाऱ्याला मात्र तो सापळाच वाटतो.

बोअर घेताना एक वही घेऊन खुर्ची टाकून बसा. दर दहा फुटांना बाहेर पडणाऱ्या भुकटीचा रंग, कठीणपणा, ओल लिहा, चिमूटभर भुकटी पुडीत बांधून त्यावर फूट टाका. ही पुडकी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात दाखवता येतात, शेजाऱ्याच्या पुढच्या बोअरलाही कामी येतात. आमच्याकडे गाडी तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडची होती. रात्री अडीच वाजता ऑपरेटर ओरडला, "सेठ, लाल मिट्टी आया." मी वहीत लिहिलं: १८५ फूट, लाल, चिकट, बोटाला रंग लागतो. केसिंगचे पाइप टेंपोत होते, पण ते होते दीडशे फुटांपुरते. सकाळी आठला लातूरच्या गंजगोलाईतलं दुकान उघडेपर्यंत रिग थांबवून ठेवली, थांबल्याचे पैसे दिले.

दोन वर्षांनी शेजारच्यांनी बोअर घेतला तेव्हा ती वही मागून नेली. त्यांचा गेरू १७८ फुटांवर लागला, आणि त्यांच्या टेंपोत पाइप दोनशे फुटांचे होते.